हात केल्याशिवाय गाडी थांबत नाही

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर एक कैरी खाल्ली. अर्धी तिने, अर्धी मी. कैरी चौकच्या रस्त्यावर वाऱ्याने पडलेली मिळाली होती, एका बाजूने फुटलेली. तिने पदराला पुसली, दगडावर आपटून दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. मीठ-तिखटाची पुडी तिच्या पिशवीत या दिवसांत कायम असायची. मी म्हटलं, "आंबट आहे." ती म्हणाली, "कैरी आहे, पेढा नाही." बस, एवढंच झालं. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष असतं तर मी नीट बघितलं असतं.

ती जागा कशी आहे ते आधी सांगतो, कारण पुढे लागणार आहे. चौक हे उत्तनच्या बाजूचं समुद्राकाठचं गाव. तिथे बसथांब्यापासून एक रस्ता वर चढत जातो. चढाला एका वाडीचा दगडी गडगा आहे आणि गडग्याच्या आत एक जुनी सावर. माघात तिची पानं झडून जातात आणि झाडावर नुसती लाल फुलं राहतात, हाताएवढी. सावरीला टेकता येत नाही, खोडाला काटे असतात, म्हणून आम्ही गडग्याला टेकून बसायचो. रस्त्याच्या पलीकडे मोकळी जागा आहे. तिथे बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत टाकलेले असतात. खाली रस्त्याला एक वळण आहे, वळणावर कोणाच्यातरी बंगल्याची उंच भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे थांबा. वळणावर उभं राहिलं तर वर सावर दिसते आणि खाली येणारी गाडीही दिसते. थांब्यावर गेलं की वरचं काही दिसत नाही, मधे भिंत येते. थांबा म्हणजे एक गंजलेला खांब. हात केल्याशिवाय तिथे गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या कानांची. मी मीरा रोडला, हाटकेशच्या एका कंपनीत, पत्रा दाबायच्या मशीनवर एकतीस वर्षं काढली. पॉवर प्रेस. दिवसभर धाडधाड. डावा कान पूर्ण गेला. उजव्याने आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. कोणी जवळ येऊन ओरडलं तर शब्दही कळतात. मुलीने कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं. दोन दिवस घातलं आणि कपाटात टाकलं. त्यात पंख्याचा आवाज शिट्टीसारखा यायचा आणि बायकोचं बोलणं होतं तसंच राहायचं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती "अहो" म्हणायची आणि "अहो" मला ऐकू यायचं नाही. मग तिने टाळी काढली. दोन टाळ्या, एकामागोमाग. पहिल्यांदा भाजीबाजारात वाजवली तेव्हा मी तापलो. चार माणसं वळून बघायला लागली होती.

"गुरांना हाकतात तसं काय करतेस?"

"गुरं निदान मान वळवतात," ती म्हणाली.

मान मी वळवायचोच नाही. उजवा हात वर करायचो. म्हणजे ऐकलं, थांबलोय. मग ती येईपर्यंत थांबायचो. मोबाईल एकच, तो तिच्या पिशवीत. मला रिंग ऐकू येत नाही तर मी घेऊन काय करणार? आमचा फोन म्हणजे तिच्या दोन टाळ्या आणि माझा एक हात. वीस-बावीस वर्षं तो कधी बंद पडला नाही.

मी पुढे आणि ती मागे, हे तर लग्न झाल्यापासूनचं. माझा बाप असाच चालायचा. आमचं गाव रत्नागिरीकडे, डोंगरात. तिथली पायवाट एका माणसापुरती. पुढच्याने साप बघायचा, मागच्याने त्याच्या टाचा बघायच्या. मीरा रोडच्या फूटपाथवर साप नाहीत, पण पाय शिकले ते शिकले. मुलगी म्हणायची, "बाबा, आईच्या बरोबरीने चाला की. लोक चालतात."

मी म्हणायचो, "तिला काय रस्ता माहीत नाही?"

असा मी बोलायचो. तोंडावर बोलतो, मागे ठेवत नाही, खोटं मला जमत नाही, असं लोक माझ्याबद्दल सांगतात. ते चांगलं म्हणून सांगतात की वाईट म्हणून, मी कधी विचारलं नाही.

कामावरून सुटलो तेव्हा पहिले चार महिने घरात बसून राहिलो. घर म्हणजे एक खोली आणि किचन. खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. आमच्याकडे ऊन फक्त संडासाच्या खिडकीत येतं, तेही साडेअकराला, ओंजळभर. केस धुतले की ती तिथे जाऊन उभी राहायची, दार उघडं टाकून. मी म्हणायचो, "काय ती जागा उभं राहायची?" ती केस झटकत तिथेच उभी राहायची.

त्या वर्षी थंडी सरली आणि एक दिवस ती म्हणाली, "चला, ऊन बघून येऊ."

लोक समुद्र बघायला जातात, देव बघायला जातात. ही ऊन बघायला निघाली. मी म्हटलं, "ऊन काय बघायचं असतं?" ती म्हणाली, "तुम्ही नका बघू. नुसते बसा." म्हणून गेलो. म्युनिसिपालटीच्या बसने, शेवटपर्यंत, कुठे उतरायचं ते न ठरवता.

आमच्याकडे वसंत ऋतू म्हणून काही वेगळं येत नाही. थंडी गेली आहे आणि घाम अजून सुरू झालेला नाही, असे थोडे आठवडे मिळतात, माघाच्या शेवटापासून चैत्र लागेपर्यंत. तेवढे आम्ही धरले. चार वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. रविवारी जायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं. रविवारी पोरंपोरी फोटो काढत हिंडतात आणि आपण उगाच त्यांच्या फोटोत येतो.

भाईंदर सोडलं की मिठागरं लागतात. फाल्गुनात मीठ वर आलेलं असतं. सगळं पांढरं, मधूनमधून ढीग, झाड नाही, सावली नाही, जमीन भेगाळलेली. बसच्या खिडकीतून बघितलं तरी डोळ्यांना पाणी येतं. मला ती जागा मेल्यासारखी वाटायची. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, इथे उतरू या. उतरलो. बांधावरून चालायला लागलो. मी पुढे. थोड्या वेळाने दोन टाळ्या आल्या. मी हात वर केला, थांबलो. ती आली तर अनवाणी. चपला हातात, पायाला मिठाचा चुरा, पोटऱ्यांपर्यंत पांढरी.

"इथे कोणी काही बांधलेलं नाही," ती म्हणाली. "किती बरं वाटतं."

"बांधतील," मी म्हटलं.

"बांधू देत. आज नाही ना बांधलेलं?"

लांब उथळ पाण्यात गुलाबी पाखरं उभी होती, एका पायावर. ती उभ्या उभ्या त्यांच्याकडे बघत राहिली. मी घड्याळ बघत राहिलो. मला कुठेही जायचं नव्हतं, तरी बघत होतो. कंपनीची सवय.

बांधाच्या कडेला एक जाड पानांची बुटकी भाजी उगवते, मोरस म्हणतात. मिठाच्याच जमिनीत वाढते. बायकोला ती माहीत नव्हती, पण तिने पान चावून बघितलं आणि पिशवी भरली. ती पिशवी घेऊन आम्ही चौकला गेलो. तिथे बोंबलांच्या मांडवाशी एक बाई काम करत होती. पन्नाशीची, कोळीण, कासोटा घातलेली. तिने लांबूनच पिशवी ओळखली. ती बोलते मोठ्याने, वाऱ्यावर बोलायची सवय, म्हणून मलाही थोडं कळतं.

"काकी, दोनदा उकल आनि पानी फेकून दे. न्हायतर म्हातारा खारट होल."

"ते मुळातच आहेत," बायको म्हणाली.

दोघी हसल्या. मला ते शेवटचं बायकोने कानाशी येऊन परत सांगितलं, म्हणजे टोमणा फुकट जायला नको.

तेव्हापासून त्या बाईची आणि तिची ओळख. आम्ही गडग्याला टेकून बसायचो, बाई रस्त्यापलीकडे बोंबील उलटत असायची, आणि दोघींचं बोलणं रस्त्यावरून जा-ये करायचं. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी समुद्राकडे तोंड करून बसायचो. मधेच बाई कावळे हाकलायची, कावळे आमच्या डोक्यावरून उडून सावरीवर बसायचे, आणि ती परत कामाला लागली की परत खाली यायचे.

बायको गावाकडची, तिला सगळ्या झाडांची नावं यायची. मीरा रोडला चाळीस वर्षं राहून ते ज्ञान तिला कुठे वापरायला मिळालं नव्हतं. गटारात पिंपळ उगवतो, तेवढाच. इथे ती एकेक झाड मला दाखवायची. उंडी, भेंड, करंज, पांगारा. मी लगेच विसरायचो. परत विचारायची, मी परत चुकायचो. "सावर तरी ओळखा," ती म्हणाली, "हिच्याखाली बसता रोज." म्हणून सावर तेवढी मला येते. पडलेली फुलं ती पदरात गोळा करून घरी न्यायची आणि परातीत पाणी घालून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ती काळी पडायची. मी म्हणायचो, "कचरा आणतेस घरात." पुढच्या वेळी ती परत आणायची.

मला तिथे बरं वाटतं, हे मी तिला चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. वाटायचं. दुपारचं जेवण तिथे केलं त्या दिवशी भाकरी जास्त जायची. पायाला ऊन लागायचं ते चांगलं लागायचं. एकदा झोपही लागली, गडग्याला टेकून, आणि उठलो तर तिने माझ्या तोंडावर पिशवी धरलेली, सावलीला. किती वेळ धरली होती काय माहीत. मी म्हटलं, "उठवायचं नाही का?" असंच म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

आता तो मंगळवार. होळी होऊन आठवडा झाला होता. सकाळीच गेलो होतो कारण ऊन तापायला लागलं होतं. कैरी खाल्ली ते सांगितलं. तिने कोय फेकली, हात पदराला पुसले आणि फुलं वेचायला लागली. मी उठलो.

"चल, दहाची गाडी जाईल."

"व्हा पुढे," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आलेच."

मी निघालो. नेहमीसारखा. उतार होता, पाय आपोआप पडत होते. मी काहीतरी बोलतही होतो, ती मागे आहे असं धरून. घरी गेल्यावर गॅसवाल्याला फोन लाव, असं काहीतरी. वळणावर आलो तेव्हा मागून टाळ्या ऐकू आल्या. दोन. मला वाटलं, बाईने कावळे हाकलले. कारण कावळे उडालेही. मी बघितले, डोक्यावरून गेले. आणि त्याच वेळी खालच्या रस्त्यावर गाडी दिसली. मी उजवा हात वर केला, गाडीला, आणि भराभर चालत भिंतीच्या पलीकडे गेलो.

गाडी थांबली. मी दांडा धरून पायरीवर एक पाय ठेवला.

कंडक्टर म्हणाला, "चला काका, वर या." हे मला त्याच्या हातावरून कळलं.

मी म्हटलं, "थांब जरा, मागून बाई येतेय."

त्याने वाकून बघितलं. भिंत दिसली. "कुठे आहे?" तो ओरडला.

"ही काय, आलीच."

मी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न मारला. आतून कोणीतरी हिंदीत कटकट करायला लागलं. कंडक्टरने परत एकदा वाकून बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हणाला, "काका, दुसरी आहे अर्ध्या तासात. आरामात या दोघं." चांगला माणूस होता. मी पाय काढला, गाडी गेली.

त्यानंतर मी वर गेलो नाही. हे लिहायलाच पाहिजे. पंचवीस पावलं मागे गेलो असतो तर वळण आलं असतं आणि वरचं सगळं दिसलं असतं. मी खांबाजवळच्या दगडावर बसलो आणि तिच्यावर रागावलो. बसली असेल गप्पा मारत. बोंबील कसे वाळले, सून कशी वागते. बसू दे. आपण हलायचं नाही. किती वेळ बसलो ते घड्याळात बघितलं नाही, त्या दिवशी नेमकं नाही बघितलं. एक रिक्षा गेली. दोन मोटारसायकली गेल्या. मासळीचा टेम्पो आला, त्याने गाडी वळवली, परत गेला. एवढा वेळ.

मग उठलो. चढताना काय बोलायचं ते तयार केलं. ती गडग्याला टेकून बसली होती, आमच्याच जागेवर, मान थोडी खाली, पदरात फुलं. मला वाटलं, फुलं निवडतेय. मी तिच्या तोंडाकडे न बघता पिशवी उचलली आणि म्हटलं, "झाल्या का गप्पा? गाडी गेली तुझ्यापायी."

मेलेल्या माणसाला मी हे बोललो.

बाई तेवढ्यात घरातून पाटी घेऊन येत होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पाटी तिथेच टाकली. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले. रिक्षा तिनेच अडवली. भाईंदरच्या दवाखान्यापर्यंत बायकोचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि फुलं रिक्षात सांडत होती. डॉक्टरने हात लावला आणि लगेच काढला.

मुलगी वसईहून आली. तिने डॉक्टरशी बोलून घेतलं आणि मग माझ्या उजव्या कानाशी येऊन सांगितलं, "बाबा, तिला काही कळलंच नसेल. एका झटक्यात झालं असं म्हणतात ते." मी मान हलवली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. बायका एकमेकींना सांगत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मुलगा नाही म्हणून अग्नी मीच दिला. भाग्य कसलं ते मला दिसलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या टाळ्या.

टाळ्या त्या बाईच्या असतील तर डॉक्टर म्हणतो ते खरं. एका झटक्यात गेली, कोणाला काही करता आलं नसतं, मी खाली बसलो काय आणि वर गेलो काय. पण टाळ्या तिच्या असतील तर तिला कळलं होतं. तिने मला बोलावलं आणि मी गेलो नाही. दोन्हीतलं एक. मधलं काही नाही. आणि हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा घातला. घरात गॅस पेटवायचा नव्हता. शेजारच्या गुजराती बेनने किटलीतून चहा पाठवला होता. तो मुलीने माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, कुठे निघालात?"

"येतो जरा."

"लोक यायचेत भेटायला. सुतक आहे. आज कोणाच्या दारात जायचं नसतं, माहितीये ना?"

"दारात नाही जात. रस्त्यावरचं काम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. "मी येते बरोबर," ती म्हणाली. मी नको म्हटलं. आमच्या घरात मी नको म्हटलं की नको. तिने कपाटातून ते कानाचं मशीन काढून माझ्या खिशात घातलं. मी घालू दिलं.

बसमध्ये मी रोजच्या सीटवर बसलो, आतल्या बाजूच्या. खिडकी तिची. एक माणूस येऊन उभा राहिला, मी पाय सरकवले नाहीत, तो पुढे गेला. मिठागरं आली. मी पहिल्यांदा नीट बघितली. पांढरी होती.

बाई मांडवाशीच होती. मला बघून तिने हातातले बोंबील खाली ठेवले आणि रस्ता ओलांडून आली. काय बोलली ते कळलं नाही. मी खिशातून मशीन काढलं, कानात घातलं. वाऱ्याची शिट्टी सुरू झाली. ते काढून टाकलं आणि तिला उजवा कान दाखवला. ती जवळ आली. तिच्या अंगाला मासळीचा वास होता.

"बाबा, तुमी आज कशाला आलाव?"

"एक विचारायचं होतं. काल मी खाली जात होतो तेव्हा कावळे हाकलायला टाळ्या तू वाजवल्यास?"

"टाल्या?" तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. कोपरापर्यंत मीठ आणि मासळीचं पाणी. "ह्या हातानी? मी डबा वाजवतंय." तिने मांडवाखालून तेलाचा रिकामा डबा ओढला आणि काठीने बडवला. कावळे उडाले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, चार वर्षं ऐकलेला. तो टाळीसारखा नव्हता, जराही नव्हता. मी त्याच्याकडे कधी कान दिलेले नव्हते एवढंच.

"मग काल टाळ्या?"

"तिनं वाजवल्या की." बाई माझ्या कानाशी ओरडून सांगत होती, मोकळ्या रस्त्यावर. "फुलं येचता येचता उठून हुबी ऱ्हायली. मी इचारलं, काकी, काय व्हतंय? म्हनली, काय न्हाय, जरा गरगरतंय, त्यांना थांबवते. मी म्हनलं, धावत जाऊ का, बोलवून आनू? तवर तिनं टाल्या वाजवल्या. आनि तुमी हात वर केलाव."



"मी पन बघितला ना तुमचा हात. ती म्हनली, ऐकलं बघ, आता येतील. आनि बसली टेकून. हसली पन जराशी. म्हनून मी पाटी आनाया घरात गेले, बाबा. तुमी येताव म्हनून. न्हायतर तिला टाकून गेले नसते मी."

तिचे डोळे भरले होते. खारट हाताने पुसता येत नव्हते म्हणून ती दंडाने पुसत होती. मग तिने विचारलं. विचारणारच होती.

"मंग याला येवढा येळ का लागला तुमाला?"

मी गडग्याकडे बघितलं. काल पदरातून सांडलेली फुलं तिथेच पडली होती, काळी. तो हात गाडीला होता, हे मी तिला सांगितलं असतं तर खरं बोलणं झालं असतं. मग ती बाई रोज तिथे बोंबील टाकताना रस्त्यापलीकडे बघणार आणि म्हणणार, म्हाताऱ्याने ऐकलंच नव्हतं, आणि मी आत गेले. आणि बायको, ती तर हसली होती. ऐकलं म्हणाली होती.

"ऐकलं होतं मी," मी म्हटलं. "येतच होतो. चढ आहे ना. पाय उचलत नाहीत आता."

बाईने मान हलवली. तिला ते पटलं. मला खोटं जमत नाही असं लोक म्हणतात.

तिने थोडे बोंबील कागदात बांधून द्यायला काढले, मग सुतक आठवलं असावं, तसेच परत ठेवले. मी निघालो. उतरताना मागे कोणी नव्हतं आणि मी काही बोलत नव्हतो. वळणापाशी पोचलो आणि तिथेच थांबलो, भिंतीच्या अलीकडे, जिथून दोन्हीकडचं दिसतं.

दहाची गाडी आली. कालचाच ड्रायव्हर असावा. त्याने मला बघितलं आणि वेग कमी केला. मी दोन्ही हात खाली ठेवले. तो थोडा पुढे येऊन रेंगाळला, मग गेला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी वळलो आणि चढ चढायला लागलो.